बेचाळीस नंबरचे कपडे

२ नोव्हेंबर

नव्या इमारतीतला पहिला दिवस. जुनं रुग्णालय घरापासून चालत अकरा मिनिटांवर होतं. सव्वीस वर्षं मी त्या वाटेने गेले-आले. कुठली फरशी डुगडुगते तेसुद्धा पायांना पाठ होतं. नवं रुग्णालय शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सहाला घर सोडलं, मध्ये बस बदलली, पोहोचले तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. परत येताना त्याहून पंधरा मिनिटं जास्त.

लिनन खोली मोठी आहे, पण खिडकी नाही. काम तेच. फाटलेल्या चादरी रफू करायच्या, नवीन आलेल्या कपड्यांवर लाल दोऱ्याने वॉर्डाची खूण घालायची, मोजून कपाटात लावायचे. धोबीखाना भिंतीपलीकडेच. धोबीकाका म्हणाले, "बाई, चादरी गाडीतून आरामात आल्या, तुम्ही लोंबकळत आलात. पुढच्या वेळी गाठोड्यात बसा."

ताई दारातच उभी होती.

"किती वेळ लागला गं, पिटुकले?"

"दोन तास."

"म्हणजे रोजचे चार," ती म्हणाली. "पृथ्वी तेवढ्यात साठ अंश फिरते." अडतीस वर्षं भूगोल शिकवलाय, त्यामुळे तिच्याकडे प्रत्येक दुःखाला एक अक्षांश-रेखांश असतो. मी सत्तावन्न वर्षांची आहे, केस पांढरे झाले, तरी मी तिची पिटुकलीच.

५ नोव्हेंबर

अधीक्षिकाबाईंनी आज बोलावून घेतलं. रुग्णालयामागे कर्मचारी निवासात एक खोली रिकामी आहे. एक खाट, एक खिडकी, कोपऱ्यात शेगडी, नळ बाहेर. "एका व्यक्तीसाठीच," त्या म्हणाल्या. "तीस तारखेपर्यंत लेखी सांगा. तुमच्यामागे दोन नर्स रांगेत आहेत."

निवृत्तीला दोन वर्षं सात महिने उरलेत. एवढ्यासाठी वेगळं बिऱ्हाड करायचं? आणि ताई? ती चौसष्टची. धडधाकट आहे, पण एकटी कधी राहिलेली नाही. मीही नाही.

घरी आल्यावर पट्टीने लाल रेघ मारून पानाचे दोन भाग केले. डावीकडे 'जाणं-येणं', उजवीकडे 'तिथली खोली'. पगाराचा सहावा हिस्सा बसमध्ये जातो. खोलीचं भाडं जवळपास तेवढंच. म्हणजे पैशांनी काहीच ठरत नाही. मग डावीकडे लिहिलं: रोजचे चार तास. उजवीकडे काय लिहावं ते सुचेना. 'ताई' असं लिहिलं आणि खोडलं. ती काय खर्चाची बाब आहे?

९ नोव्हेंबर (बसमध्ये. अक्षर बघून बोर्डिंगमधल्या सिस्टरांनी पट्टी मारली असती.)

प्रवासाने माझं डोकं चालेनासं झालंय. काल घराच्या किल्ल्या साखरेच्या डब्यात सापडल्या. घाईघाईत चहा करताना मीच टाकल्या असणार. ताईला सांगितलं तर ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "असू दे. होतं असं."

तिच्या जागी मी असते तर एवढं समजून घेतलं नसतं.

१२ नोव्हेंबर

भात खारट. नुसता खारट नाही, तोंडात धरवेना. तांदूळ सकाळी मीच भिजवून गेले होते. मीठही मीच टाकलं असणार आणि वर ताईने तिच्या अंदाजाने टाकलं. बिचारीने एक शब्द न बोलता दोन घास खाल्ले.

"मला बोलायचं तरी," मी म्हटलं.

"कशाबद्दल?"

तिला चूक माझ्या पदरात घालायची नव्हती म्हणून तिने न कळल्यासारखं केलं. लहानपणीही असंच करायची. बोर्डिंगमध्ये माझ्या हातून दुधाचा मग फुटला तर सिस्टरांसमोर हात पुढे करून उभी राहायची ती.

आज ते दिवस फार आठवतायत. आई गेली त्याच वर्षी बाबांनी आम्हा दोघींना एकाच सकाळी बोर्डिंगमध्ये सोडलं. ताई बारा वर्षांची, मी पाच. कार्यालयात एका जाड वहीत ताईपुढे एक्केचाळीस आकडा पडला, माझ्यापुढे बेचाळीस. त्या दिवसापासून आमच्या मोज्यांपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळ्यावर लाल दोऱ्याने तो आकडा. शिवणाच्या सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात फुलीचा टाका शिकवला. उलट बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ हवी, गाठ कुठे दिसता कामा नये. शनिवारी धुलाईचा ढीग आला की सिस्टर एकेक कपडा उचलून कॉलर उलटवायच्या आणि आकडा पुकारायच्या. ज्याचा आकडा त्याचा कपडा. हरवलेलं काहीही असो, आकडा असला की ते आपल्या माणसाकडे परत यायचंच. रात्री मी रडायला लागले की ताई कानात म्हणायची, "तुझ्यावर नंबर आहे ना? मग तू कशी हरवशील?"

ती सवय काही सुटली नाही. अजून आमच्या दोघींच्या सगळ्या कपड्यांच्या गळ्याला आतून आकडा असतो. घरमालकीणबाईंना हसू येतं. "दोघीच तर राहता, चोरी कोण करणार?"

१५ नोव्हेंबर, रविवार

आज एक गंमतच झाली. कपाट आवरताना ताईचा करडा स्वेटर हाती लागला, आणि गळ्याला बेचाळीस! आधी वाटलं, माझाच असेल, धुऊन धुऊन सैल झाला. घालून पाहिला तर बाह्या बोटांच्या पुढे चार अंगुळं. मग तिचे दोन झगे पाहिले. तिथेही बेचाळीस. निळ्या झग्यावरचा दोरा तर अगदी कोरा, लाल भडक.

म्हणजे मी हल्ली पेंगत शिवते आणि चुकीचा आकडा घालते. दिवसभर हजार चादरींवर खुणा घातल्यावर दुसरं काय होणार! बसून तिन्ही कपड्यांचे आकडे उसवले आणि नीट एक्केचाळीस घातला.

ताई खुर्चीत बसून बघत होती. "कशाला उसवतेस?"

"चुकून माझा नंबर पडलाय."

"राहू दे की."

"राहू दे कसं? सिस्टर काय म्हणतील?"

त्यावर आम्ही दोघी हसलो. ती जरा उशिरा हसली.

१८ नोव्हेंबर

जेवताना ताईने खोलीचा विषय काढला. मी तिला सांगितलंच नव्हतं, पण ती दोन रकान्यांची वही टेबलावर उघडी राहिली होती.

"जा तू तिथे," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी काय कुकुलं बाळ आहे? शनिवारी येशील, सोमवारी पहाटे जाशील. घरमालकीण आहे खाली. आणि तुझा चेहरा बघ आरशात. वाळत घातलेल्या पिशवीसारखा झालाय."

"मला घालवायची एवढी घाई झालीय तुला?"

"हो, झालीय," ती म्हणाली. आवाज चढवून म्हणाली. मग भांडी घासायला गेली आणि नळ तसाच वाहता ठेवून खिडकीशी उभी राहिली. मीच जाऊन बंद केला.

मला फार लागलं ते. बावन्न वर्षं एका छपराखाली काढल्यावर माणूस असं तोडून बोलतं? की तिला खरंच माझा कंटाळा आलाय? मी रोज अंधारात निघते, अंधारात येते, आल्यावर कुरकुरते. माझ्यासोबत राहण्यात आता काय सुख उरलंय?

१९ नोव्हेंबर

लिहायला काही नाही. पहिली बस चुकली. उभ्याने आले.

२१ नोव्हेंबर

माझी बसची तिकिटं ताईच्या पर्समध्ये निघाली. सहा. माझी पर्स आणि तिची एकाच खुंटीला असतात, अंधारात कुठल्या तोंडात काय घातलं ते मला कळत नाही. पण मी तर पासावर जाते. पास मिळायच्या आधीची असतील.

ताईच्या चपलाही धुळीने माखलेल्या. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "तुमच्या ताई हल्ली दुपारच्या फिरायला जातात. चांगल्या दोन-तीन तास. परवा विचारलं कुठे जाता, तर म्हणाल्या, सराव करते."

ऐकून जिवाला बरं वाटलं. म्हणजे तिची तब्येत सुधारतेय. मी नसले तरी तिचं चालेल. किंवा मी नसले की बरं चालेल. दोन्ही खरं असू शकतं.

२४ नोव्हेंबर

अधीक्षिकाबाईंना तोंडी 'हो' सांगून आले. कागद तीस तारखेला द्यायचा.

सगळं सोपं होईल. साडेसातला उठायचं, आठला कामावर. डोकं ताळ्यावर येईल, किल्ल्या किल्ल्यांच्या जागी राहतील. असं मी स्वतःला सांगते. संध्याकाळच्या बसमध्ये एक लहान मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. तिच्या पायातले दोन मोजे वेगवेगळ्या रंगांचे होते. मी उगाच त्या मोज्यांवरचा आकडा शोधत बसले.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "शहाणी." आणि माझ्या ताटात तिच्या वाट्याचं अंडं वाढलं.

२६ नोव्हेंबर

आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी बाराच्या सुमाराला धोबीकाका लिनन खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. नेहमीसारखं काही चेष्टेचं बोलले नाहीत.

"बाई, बाह्यरुग्ण विभागात चला. एक बाई बसल्यात बाकावर. दोन तास झाले म्हणे. कुठल्या डॉक्टरकडे जायचंय सांगत नाहीत, नाव सांगत नाहीत. कोणी विचारलं की कोटाची कॉलर उलटवून दाखवतात."

मी सुई हातात घेऊनच उठले.

"मी मळके कपडे न्यायला गेलो होतो," ते चालता चालता सांगत होते. "कॉलर पाहिली. लाल फुलीचा टाका. उलट बाजूला गाठ नाही. पंधरा वर्षं हा टाका धुतोय मी, बाई. म्हटलं, हा आमच्या बाईंचा टाका."

शेवटच्या बाकावर ताई बसली होती. पाय जुळवून, पर्स मांडीवर, पाठ ताठ. बोर्डिंगच्या कार्यालयाबाहेर बसायची तशी. मला पाहिल्यावर तिचा चेहरा एकदम निवळला.

"आलीस," ती म्हणाली. "तुझं नाव जिभेवर येईना गं. नंबर आला. ह्यांना किती वेळा सांगितलं, ज्याचा नंबर त्याला बोलवा. ऐकेचनात."

मी तिच्या कोटाची कॉलर पाहिली. बेचाळीस. टाका आमच्याच शाळेतला होता. पण मी घातलेला नव्हता. माझा पाच आणि सातही ओळखता येतो मला, दोन तर येतोच. मी दोनचा पाय आखूड घालते. हा लांब होता. हा ताईचा दोन होता.

मग एकेक गोष्ट मागून पुढे येत गेली. निळ्या झग्यावरचा कोरा दोरा. साखरेतल्या किल्ल्या. मीठ. वाहता नळ. मी झोपेत शिवत नव्हते. जागेपणी, तिच्या समोर बसून, तिने घातलेले आकडे मी एकेक करून उसवले होते. कोट तेवढा खुंटीला होता म्हणून राहिला.

धोबीकाकांनी कुठूनसा चहा आणला. ताई त्यांना म्हणाली, "कपडे छान धुता हो तुम्ही. आमच्याकडे धुलाईच्या ढिगात नेहमी एक मोजा कमी यायचा."

"आमच्याकडेही येतो," ते म्हणाले. "पण मोज्यावर कोणी नंबर घालत नाही, म्हणून कळत नाही."

२७ नोव्हेंबर

रजा घेतली. आमच्याच रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला तासभर प्रश्न विचारले. आजची तारीख, घड्याळ काढा, पाच शब्द सांगते ते लक्षात ठेवा. पाचातला एकच लक्षात राहिला. डॉक्टरीणबाईंनी राज्यकर्ता कोण असं विचारलं तर ताई म्हणाली, "कोणी का असेना, नद्या त्याच दिशेने वाहतात." पण घड्याळात तिने सगळे आकडे एकाच बाजूला गर्दी करून काढले.

बाहेर येऊन मी विचारलं, तिला एकटी ठेवता येईल का? "नाही," त्या म्हणाल्या. जागा बदलली तर? "नवीन जागेत आणखी गोंधळतील. सवयीचं घर त्यांच्या हातापायांना पाठ असतं." म्हणजे दोन्ही दरवाजे बंद. रोज चौदा तास तिला एकटी ठेवायची नाही, आणि घरही सोडायचं नाही.

नोकरी सोडावी? अजून दोन वर्षं सात महिने. निवृत्तिवेतन अर्धं होईल, आणि औषधं तर आता सुरू होतायत.

२८ नोव्हेंबर

आज ताईची पर्स तिच्यादेखत उघडली. आत घडी घातलेला कागद. नकाशा. अगदी प्रमाणात काढलेला, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली प्रमाणपट्टी. आमच्या घरापासून रुग्णालयापर्यंतचा बसचा रस्ता. दर थांब्यापाशी खूण: पिवळी टाकी, पूल, तुटका कठडा. बदलायच्या थांब्यावर दोनदा अधोरेखित: 'इथे उतर. घाबरू नकोस.' आणि जिथे रुग्णालय, तिथे इमारत नाही, नुसता लाल शाईने आकडा. बेचाळीस.

"कधी काढलास?"

"आठवत होतं तेव्हा." मग थांबून म्हणाली, "तीनदा निघाले. तीनदा पुलापासून परत आले. परवा पूल ओलांडला."

"पण कशासाठी, ताई? मला हाकलत होतीस ना तू?"

"मग काय करू? तू मरत होतीस त्या बसमध्ये. तू तिथे राहायला गेलीस की मला वाट ठाऊक असायला नको? नुसतं शनिवार-शनिवार थांबून कसं चालेल? मला शनिवार कधी ते कळेनासं होतं."

मी रडले. ती नाही रडली. माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, उलट्या दिशेने, जसा ती नेहमी फिरवते आणि केस विस्कटून ठेवते.

मी तिला डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. सवयीचं घर, हातापायांना पाठ असलेलं.

"घर आठवणार नाही असा दिवस येणारच आहे," ती म्हणाली. "इथे बसले तरी येणार. त्या दिवशी तू कुठे असशील, तेवढं सांग."

३० नोव्हेंबर

कागद दिला. त्यावर 'नको' असं लिहिलं आणि खाली सही. अधीक्षिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही तर हो म्हणाला होतात."

"एका व्यक्तीची खोली आहे ना," मी म्हटलं. "आम्ही दोघी आहोत."

धोबीकाकांच्या वहिनींच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. धोबीखान्याच्या मागच्या फाटकातून सव्वाशे पावलं. मी मोजली. दुपारी जेवायला घरी जाता येईल, मधल्या चहालाही. भाडं घरापेक्षा बरंच जास्त. बसचा खर्च वाचूनही दर महिन्याला मला चणचणच भासणार. वहीत तिसरा रकाना आखायला गेले, पट्टीसुद्धा घेतली, मग वही मिटून ठेवली.

धोबीकाका म्हणाले, "आणि ताईंना कंटाळा आला तर पाठवा माझ्याकडे. उशांचे अभ्रे जोडीने लावायला माणूस लागतंच."

भीती गेलेली नाही. नव्या घरात तिला न्हाणीघर सापडेल का, रात्रीची उठली तर भिंतीला धडकेल का, कोणत्या सकाळी ती मला अनोळखी नजरेने पाहील, हे सगळं आहेच. डॉक्टरीणबाई चुकलेल्या नाहीत. पण ते घडेल तेव्हा मी सव्वाशे पावलांवर असेन.

६ डिसेंबर, रविवार

सामान बांधून झालं. घरमालकीणबाईंनी खालून सूप पाठवलं, आणि डोळे पुसत वर येऊन भांडं परत मागितलं.

ताईने नव्या घराचाही नकाशा काढलाय. पलंगापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून दारापर्यंत, दारापासून मागच्या फाटकापर्यंत. भिंतीवर लावायचा. प्रमाण चुकलंय, दार पलंगाहून लहान आहे. तो लावायला मी चार खिळे वेगळे काढून ठेवले.

दुपारभर उन्हात बसून तिच्या सगळ्या कपड्यांवरचे एक्केचाळीस उसवले आणि पुन्हा बेचाळीस घातले. ती सुईत दोरा ओवून देत होती. डोळे अजून चांगले आहेत तिचे. शेवटचा झगा झाला तेव्हा मला वाटलं, संपलं. तिने लाल दोऱ्याचं रीळ काही खाली ठेवलं नाही.

"आता तुझे," ती म्हणाली.

मी माझा हिरवा कोट पुढे केला. ती कॉलर मांडीवर पसरून बसली, जुना आकडा हलक्या हाताने उसवला आणि मोजत मोजत फुल्या घालायला लागली. आधी चाराचा आकडा. मग एकाचा.